निंबार्ते बाईंची आवक-जावक

निंबार्ते बाई शिकवताना आमच्याकडे पाठ करून उभ्या असत. तुमसरला बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. खिडकीचे गज धरून त्या खाली रस्ता बघत राहायच्या आणि त्यांच्या पाठीमागे आमच्या मशिनी खडखडत असायच्या. मध्येच, मान न वळवता, त्या म्हणायच्या, "वैशाली, तुझी करंगळी झोपून राहिली. उठव तिले." मी खरोखरच करंगळीचं काम अनामिकेवर ढकलत असायचे. ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं.

त्यांचा स्वतःचा आवाज असा होता की सगळ्या मशिनी एकदम चालू असतानाही त्यांना तो चढवावा लागत नसे. भरड, खालच्या पट्टीतला, आणि ठाम. वर्गात त्या पुस्तकी मराठीत सुरुवात करायच्या आणि चिडल्या की झाडीबोलीवर यायच्या. त्या चिडायच्या वारंवार, त्यामुळे आम्हांला पुस्तकी मराठी फारशी ऐकायला मिळाली नाही. कोणी टाइप करताना कागदाकडे वाकून पाहिलं की म्हणायच्या, "काय पाहून राहिली? अक्षर पळून जाते का?"

पुढे परीक्षा संगणकावर गेल्या आणि इन्स्टिट्यूट बंद झाली. बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्या आंधळगावला, आईवडिलांच्या घरातल्या आपल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. बरोबर एक टाइपरायटर आणि इन्स्टिट्यूटमधला एक जुना संगणक. आमचं घर त्यांच्या समोर, मध्ये फक्त गल्ली. मी तोवर मोहाडीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवायला लागले होते. बाईंच्या लेखी मात्र मी करंगळीवालीच राहिले.

एका संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. घसा काही महिन्यांपासून बसलेला होता, नागपूरला तपासण्या चालू होत्या, एवढं मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणते, स्वरयंत्र पूर्ण काढा लागते. गाठ चांगली नाही."

मी "बाई..." एवढंच म्हणाले.

"ऐक. हात तं राहतीन ना? मंग मले असं काही करून दे का हातानं बोलता आलं पाहिजे. सुशी काही थांबणार नाही. फोनवर जवाब नाही भेटला तं बस धरून येऊन जाईन."

सुशी म्हणजे त्यांची मोठी बहीण, सुशाबाई. दिघोरीला दिलेली. लाखांदूर तालुक्यातलं ते गाव आमच्यापासून लांब, भंडाऱ्याला बस बदलून जावं लागतं. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. धानाला पाणी आलं की नाही, कोणाकडे काय झालं, आणि मुख्य म्हणजे सुशाबाईंच्या सुनेचं काय चुकलं.

मी म्हटलं, "मोबाइलवर लिहा ना बाई. सगळे तेच करतात."

"एका आंगठ्यानं? म्हणजे एका हातानं रोवणा करणं झालं. दिवस मावळून जाईन, बांधी तशीच राहीन." रोवणा म्हणजे बांधीत, धानाच्या शेतात, रोपं लावणं. दहा बोटांनी लिहिणाऱ्या बाईला आंगठ्यावर आणणं मलाही बरोबर वाटेना. मेल करायचं ठरलं.

संगणक जुना होता. नवी विंडोज त्याला पेलत नव्हती, म्हणून आदल्या वर्षी मी त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. पण ब्राउझरमध्ये मेल उघडायला गेलं की त्याचा पंखा घरघरायचा आणि पान अर्धवट उघडून थांबायचं. त्यात आमच्याकडे लाइन गेली की नेटही जातं. म्हणून मी ठरवलं, मेलचा स्वतंत्र प्रोग्रॅमच संगणकावर बसवायचा. आलेली पत्रं तो एकदा उतरवून घेतो, मग नेट असो नसो, वाचता येतात. लिहिलेलं पत्र तो सांभाळून ठेवतो आणि नेट आलं की धाडतो.

"म्हणजे डाक घरात येऊन राहते," बाई म्हणाल्या. "चालते. मले दाखवत दाखवत कर. उद्या तू कॉलेजात असशीन अन् याचं काही बिघडलं तं मी काय याच्या तोंडाकडे पाहू?"

रविवारी आम्ही बसलो. मी पडद्यावर आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली, प्रोग्रॅम मागवण्याची एका ओळीची आज्ञा लिहिली. संगणकाने पासवर्ड मागितला. बाई स्वतः टाइप करायला बसल्या आणि थांबल्या.

"काहीच उमटून नाही राहिलं वो."

"पासवर्ड दिसत नाही बाई. पण आत जातो. तुम्ही लिहा आणि एंटर मारा."

बाईंनी लिहिलं, एंटर मारला, आणि पडद्यावर ओळीमागून ओळी धावायला लागल्या. त्या खूश झाल्या. "जन्मभर हेच शिकवलं पोट्ट्याइले. उमटते का नाही याची काळजी करू नका, बोटावर भरवसा ठेवा. यालेच समजलं फक्त."

प्रोग्रॅम बसला. त्याने नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि सर्व्हर मात्र त्याला आपणहून सापडेना. मी हाताने भरायला घेतले. येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा, जाणाऱ्या मेलचा वेगळा. दोन कशाला, असं बाई विचारतील म्हणून मी उत्तर जुळवत होते, तर त्याच म्हणाल्या, "आवक एका टेबलावर, जावक दुसऱ्या टेबलावर. कचेरीत तसंच असते. पुढं चाल." प्रोग्रॅमने पत्राखाली आपोआप येणारी सही विचारली, ती मात्र त्यांनी रिकामी ठेवायला लावली. "बोलताना कोणी शेवटी आपलं नाव सांगते का?"

सगळं भरून झालं आणि जोडणी होईना. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र ग्राह्य नाही, असा इशारा परत परत येत होता. मी पत्ते तपासले, अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. बाई मधून मधून पाणी पीत होत्या. त्यांना गिळताना त्रास व्हायला लागला होता आणि नागपूरची तारीख पुढच्याच आठवड्यातली होती. मला घाई होत होती. त्यांना नव्हती.

बऱ्याच वेळाने माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. संगणक कितीतरी वर्षं मागे होता. आतला घड्याळाचा सेल संपला होता. वीज गेली की तो जुन्या वर्षात जाऊन बसायचा, आणि त्या वर्षातून पाहिलं तर सर्व्हरचं आजचं प्रमाणपत्र अजून जन्मायचंच होतं. म्हणून तो विश्वास ठेवत नव्हता.

मी हे बाईंना सांगितलं. त्या तारखेकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे याच्या मतानं मी अजून तुमसरलेच हाय. क्लास चालू हाय."

"हो."

"बरं हाय याचं." मग म्हणाल्या, "कर त्याले आजचं."

मी तारीख दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला. मेलवाल्यांना नेहमीचा पासवर्ड चालत नव्हता, या प्रोग्रॅमसाठी वेगळा काढून घ्यावा लागला. शेवटी बाईंना हवी तशी, जुन्या टाइपरायटरवर असते तशी मराठी अक्षरांची मांडणी कीबोर्डला लावली. मग मी म्हटलं, "आता चाचणी म्हणून काहीतरी लिहा."

"चाचणी कायले? खरंच लिहू." खडखड आवाज झाला आणि शेजारीच माझ्या मोबाइलवर पत्र आलं: "वैशाली, उद्या येताना मुरमुरे आणजो. निंबू मीच देईन."

ऑपरेशन झालं. बाई महिन्याभराने परत आल्या तेव्हा गळ्याला पट्टी होती, खाली श्वासासाठी केलेलं छिद्र होतं, आणि घरात एक शांतता होती जी कोणालाच सोसत नव्हती. भेटायला येणारे उगाच मोठ्याने बोलायचे. बाई ऐकून घ्यायच्या. संगणकावर त्यांनी जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं. मी एकदा विचारलं, चालू करू का? त्यांनी हातानेच नको म्हटलं. मी पुन्हा विचारलं नाही. रोज संध्याकाळी मात्र मी त्यांचं मऊ जेवण घेऊन जायची आणि थोडा वेळ बसायची.

त्याच वेळी दिघोरीहून फोन यायचा. सुशाबाईंनी फोन करणं बंद केलं नव्हतं. बाई तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायच्या. एकदा नख वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही, असं दोघींचं ठरलं होतं. सुशाबाई बोलत राहायच्या आणि इकडून ठक्, नाहीतर ठक् ठक्.

कैऱ्यांचे दिवस होते, घरोघरी रायत्याची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, तयारी चालली होती. एका संध्याकाळी सुशाबाईंनी बाईंना विचारलं, "कमल, माय आंब्याच्या रायत्यात शेवटी काय टाके वो? मेथी?"

ठक् ठक्.

"सोप?"

ठक् ठक्.

"मंग मोहरीच असन. नाही? मिरे? लवंग? का तुलेच आठवून नाही राहिलं?"

बाईंचा चेहरा मी पाहत होते. वर्गात चुकीची कळ ऐकू आल्यावर व्हायचा तसा तो झाला. त्या उठल्या, लुगडं ओढून बाजूला फेकलं, संगणक सुरू केला. तो सुरू होईपर्यंत तिकडे ओवा आणि कलौंजी होऊन गेली होती. बाईंनी लिहिलं, माझ्याकडे पाहिलं. दिघोरीच्या घरात मेल यायचं ते सुनेच्या मोबाइलवर. तिचा पत्ता मी आधीच घालून ठेवला होता. बाईंनी पत्र धाडलं.

फोनमधून सुशाबाईंचा आवाज आला, "माधुरी, हे काय वाजलं तुह्या मोबाइलवर? पाह्य बरं."

मग सुनेचा आवाज. पहिल्यांदाच ऐकत होते मी. हळू, शाळेत धडा वाचल्यासारखा. "मावशींचं पत्र आहे, आई. 'सुशे, गूळ. शेवटी टाकाचा, आधी नाही. तू पोरगी असताना खाटेवर बसून राहे, चुलीजवळ आली असती तं आज विचारा नसतं लागलं.'"

दिघोरीत सुशाबाई हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. म्हणाल्या, "हेच. हेच बोलणं पाहिजे होतं मले."

त्या दिवसापासून ते सुरू झालं. सुशाबाई फोनवर बोलायच्या, बाई टाइप करायच्या, माधुरी वाचून दाखवायची. नेट नसलं की उत्तरं संगणकातल्या जावकेच्या पेटीत अडकायची आणि दुसऱ्या दिवशी भलत्याच प्रश्नाला येऊन पोचायची. बाईंची इतर डाकही वाढली. जुने विद्यार्थी कोर्टात, कचेऱ्यांत कुठे कुठे होते, त्यांना पत्रं जायची आणि त्यांच्या उत्तरांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त होऊन परत जायच्या. गल्लीपलीकडून मला रोज एक तरी हुकूम यायचा. भेटायला येणाऱ्यांसाठी बाईंनी मोठ्या अक्षरांत एक ओळ करून ठेवली होती, कोणी ओरडून बोलायला लागलं की पडदा त्याच्याकडे वळवायच्या: "घसा गेला, कान शाबूत आहेत." एकदा मी त्यांना संगणक लिहिलेलं मोठ्याने वाचूनही दाखवतो ते ऐकवलं. बाईंनी ते सपाट, पुरुषी वाचन ऐकलं आणि लिहिलं, "हा माणूस माझ्या घरात नको."

पण या व्यवस्थेत एक अडचण होती, आणि ती सगळ्यांत आधी सुशाबाईंच्या लक्षात आली. आता सुनेची तक्रार करायची कशी? उत्तर तर तीच वाचणार. सुशाबाई तरीही अंगणात जाऊन हळू आवाजात सांगायच्या: भाजीत मीठ नव्हतं, दिवसभर मोबाइल पाहते. बाई ऐकून घ्यायच्या, आणि मग स्पष्ट लिहायच्या.

एकदा असंच पत्र गेलं. माधुरी वाचायला लागली, "'सुशे, पाऊस झाला का? आणि...'" ती थांबली.

"काहून थांबली?" सुशाबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. नेट अडकलं."

बाईंनी टेबलावर नख वाजवलं. ठक् ठक्.

माधुरीला पर्याय राहिला नाही. खालच्या आवाजात तिनं वाचलं, "'आणि त्या पोरीच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं बंद कर. तुझ्या सासूनं तुला ठेवली तेव्हा तू माझ्याजवळ येऊन रडली होती.'"

मग सुशाबाई म्हणाल्या, "वाचून झालं असन तं चहा मांड." रागात नव्हत्या. चहा मात्र त्या दिवशी गोड झाला होता असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. बाईंनी नेहमीसारखं पत्र धाडलं, मी शेजारी बसून ते पडद्यावर वाचत होते. दोन ओळी होत्या. तिकडून माधुरीचा आवाज आला. "'सुशे, गुडघ्याला तेल लावत जा. उन्हाचं बांधीवर जाऊ नको.'" आणि तिनं श्वास न घेता पुढे म्हटलं, "'आणि माधुरीला आठ दिवस माहेरी जाऊ द्या. तिची आई बिमार आहे.'"

मी पडद्याकडे पाहिलं. अशी ओळ तिथे नव्हती.

बाईंनीही पाहिलं. त्यांचं बोट टेबलाच्या वर थांबलं होतं. तिकडे सुशाबाई म्हणत होत्या, "कमल, तुले कोणं सांगितलं तिची माय बिमार हाय म्हणून? खरंच म्हणून राहिली का तू, जाऊ देऊ म्हणून?"

मला वाटतं, दिघोरीला त्या वेळी एका मुलीने श्वास रोखून धरला असेल. बाईंनी नख वाजवलं. एकदाच.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "बाई, हे तुम्ही लिहिलं नव्हतं."

बाईंनी कीबोर्ड ओढून घेतला आणि माझ्यासाठी एक ओळ लिहिली: "लिहायचं राहून गेलं होतं."

त्यानंतर माधुरी मधून मधून एखादं वाक्य घालायला लागली. रोज नाही. खोटंही नाही, आपलंच, पण मावशीच्या तोंडचं. बाई ऐकायच्या आणि पटलं की नख वाजवायच्या. एकदा तिनं नवीन साडीचं घातलं, तर बाईंनी ठक् ठक् केलं आणि माधुरी म्हणाली, "चुकून वाचलं, आई."

सगळ्यांत अवघड वाक्य पुढच्या रोवण्याच्या आधी आलं. माधुरी डी.एड. झालेली होती. लाखांदूरच्या बाजूला एका खासगी शाळेत तिला शिकवायला बोलावत होते. तिनं वाचलं, "'माधुरी शाळेत शिकवायला गेली तर बरं होईल. शिकलेलं वाया जाऊ देऊ नका.'" बाईंनी लगेच नख वाजवलं, इतक्या जोरात की मी दचकले. सुशाबाईंनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तिसऱ्याही. बाई संगणकासमोर बसून राहायच्या, पत्र लिहायच्या आणि खोडायच्या. त्यांनी मला लिहिलं, "बहीण गमावली का मी?" त्यांच्या चेहऱ्यावर भीती मी तेव्हाच पाहिली. ऑपरेशनच्या आधीही पाहिली नव्हती.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. सुशाबाई धानाबद्दल बोलल्या, तळ्याच्या पाण्याबद्दल बोलल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "शाळेत जाऊन राहिली ते सोमवारपासून. सकाळचा स्वयंपाक मी पाहीन. बस झालं ना तुहं?" ठक्.

बाईंचा आजार पुढच्या हिवाळ्यात परत आला. या वेळी डॉक्टरांनी फार काही सुचवलं नाही. त्या घरीच राहिल्या. हातात ताकद होती तोवर लिहीत होत्या, नंतर मी लिहायची आणि त्या बोटाने दाखवायच्या कुठे काय बदलायचं ते. सुशाबाई शेवटचे दिवस येऊन राहिल्या. बाई एका सकाळी गेल्या, बहिणीचा हात हातात असताना.

तेरवीला दिघोरीची सगळी मंडळी आली. जेवणं आटोपल्यावर सुशाबाई आतल्या खोलीत संगणकासमोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. मी जवळ गेले.

"याच्यातूनच लिहे ना ते?"

"हो. सगळी पत्रं आहेत यात. दाखवू का?" विचारलं आणि माझंच मन चरकलं. पत्रं होती, पण काही वाक्यं त्यात नव्हती.

"नोको," सुशाबाई म्हणाल्या. "त्यात काय हाय अन् काय नाही, मले ठाऊक हाय."

मी संगणकाकडे नेलेला हात मागे घेतला.

"कमल माझी लहान बहीण. भांडली, रुसली, पण 'तू' सोडून कधी बोलली नाही मले. 'जाऊ द्या' म्हणन का ते? 'देऊ नका' म्हणन?" त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिकडे माधुरी भांडी आवरत होती. "पहिल्याच दिवशी समजलं मले."

"मग तुम्ही काही म्हटलं नाही?"

"काय म्हणू? तिले तोंडावर बोलाची हिंमत नव्हती अन् मले ऐकाची. कमल मधात होती म्हणून दोघीचं जमून गेलं." पदराने त्यांनी डोळे पुसले. "आता कसं होते काय माहीत."

माधुरी हात पुसत दारात आली. "आई, चहा राहू द्या आता. बस हुकेल. उठा."

सुशाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. जाता जाता माझ्याजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाह्य. बोलून राहिली."